बालीचं पॅकेज: उबुडला चार रात्री, लेंबोंगान बेटावर तीन, आणि सोबत आई

पाचपैकी साडेतीन स्टार देतोय. त्यातला एक अख्खा स्टार विमानतळावरच्या व्हीलचेअरचा आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी टूरवाल्याला धुवायला लागलो की कुणी म्हणू नये हा माणूस नुसता तक्रारी करतोय.

आम्ही अंबाजोगाईचे. माझं कृषी सेवा केंद्र आहे, बियाणं, खतं, औषधं. ह्या धंद्यात सुट्टी काढायची म्हणजे कॅलेंडरमधी भोक शोधावं लागतं, मे निम्मा झाला की सोयाबीनच्या बियाण्याची पळापळ, मग मिरगापासून दिवाळीपर्यंत डोकं वर निघत नाही, नंतर रब्बी आणि उधारीची वसुली. म्हणून एप्रिलचा शेवटचा आठवडा आणि मेचे दोन-चार दिवस एवढीच फट. आपल्याकडं तेव्हा बेचाळीस-त्रेचाळीस असतं, बालीत तेव्हा पाऊस नुकताच सरलेला असतो (तिथं साधारण नोव्हेंबर ते मार्च पाऊस, एप्रिल ते ऑक्टोबर कोरडं), तापमान तिशीच्या आसपास पण दमट लई, घाम वाळतच नाही. वाळवंटातून आलेल्या माणसाला तेही बरं वाटतं.

बायकोला समुद्र पाहिजे होता. आई म्हणली, "मंदिरं असली तर येते, नुसतं पाण्यात डुंबायला मला कशाला नेऊलालास?" आई अडुसष्टची, गुडघ्याचं दुखणं आहे पण जिद्द लई. तर असं मंदिर प्लस बेट कॉम्बिनेशन शोधता शोधता बाली निघालं, पोराला दुकानावर बसवलं आणि आम्ही तिघं निघालो.

टूरवाला आपल्याच भागातला आहे, नाव लिहीत नाही, रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस आहे. त्यानं पहिल्यांदा जी इटिनररी पाठवली ती वाचूनच दम लागला, सात रात्रीत सतरा ठिकाणं, सकाळी सातला नाश्ता, साडेसातला गाडी, इथं फोटो स्टॉप तिथं फोटो स्टॉप. मी म्हणलं दादा, आई सोबत आहे, निम्मं काढा. तो म्हणला साहेब तेवढ्याच पैशात जास्त दाखवायलोय की. मी म्हणलं तेवढ्याच पैशात कमी दाखवा. हे त्याच्या डोक्यात शिरायला चार फोन लागले. शेवटी ठरलं की दिवसाला जास्तीत जास्त दोन ठिकाणं आणि बेटावर तीन दिवस काहीच नाही. ह्या ट्रिपमधी जे जे चांगलं झालं ते ह्या काटछाटीमुळं झालं, त्यामुळं तुम्ही कुणाकडूनही पॅकेज घ्या, पण पहिलं काम पेन घेऊन खोडायचं करा.

गाडीनं हैदराबाद, तिथून क्वालालंपूर, तिथून देनपसार, म्हणजे बालीचं विमानतळ. क्वालालंपूरचं विमानतळ म्हणजे आख्खं अंबाजोगाई मावेल एवढं, एका गेटवरून दुसऱ्या गेटला जायचं तर चालून चालून माणूस खलास. पण टूरवाल्यानं आईसाठी व्हीलचेअर आधीच टाकून ठेवलेली, हैदराबादला, क्वालालंपूरला, देनपसारला, तिन्हीकडं माणूस खुर्ची घेऊन उभा. आई आधी बसेना, "मी काय पांगळी हाय का?" म्हणली, मग बसली आणि इमिग्रेशनच्या लाईनीत सगळ्यांच्या पुढून आम्हाला पण घेऊन गेली. परत येताना स्वतःच विचारायली, "आपली खुर्ची कुठंय?" ह्याबद्दल त्या माणसाचे मनापासून आभार.

आता पहिली तक्रार. "ऑल इन्क्ल्युडेड" म्हणून पैसे घेतले होते. उतरल्यावर कळलं की व्हिसा ऑन अरायव्हल माणशी ५ लाख रुपिया आपल्यालाच भरायचा, वर १४ फेब्रुवारी २०२४ पासून बालीनं प्रत्येक परदेशी पर्यटकावर दीड लाख रुपियाची फी लावलीय, ती पण आपलीच. लाख ऐकून घाबरू नका, आपल्या एका रुपयाला तिथले साधारण एकशे पंच्याऐंशी-नव्वद येतात, म्हणजे दोन्ही मिळून माणशी साडेतीन हजाराच्या आसपास. पण तिघांचे साडेदहा हजार झाले की, आणि ते सांगायला काय जात होतं? व्हॉट्सअपवर फोन लावला तर म्हणे साहेब ते खाली बारीक अक्षरात लिहिलंय. मी रोज औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर शेतकऱ्याला वाचून दाखवतो, मला हे सांगतो!

असो. नोटा बदलल्यावर आईच्या बटव्यात वीस लाख ठेवले, दिवसभर ती माणसांकडं जरा वेगळ्याच नजरेनं बघत होती.

उबुड हे समुद्रकाठचं गाव नाही, आत डोंगराच्या पायथ्याला आहे, भाताची शेतं, ओढे, आणि गल्लीबोळात मंदिरं. मंदिर म्हणजे एखाददुसरं नाही, घराघरात स्वतःचं देवघर अंगणात बांधलेलं, आपल्या तुळशी वृंदावनाची दहा मजली आवृत्ती समजा. आमचं राहणं अशाच एका घरगुती हॉटेलात होतं, सात-आठ खोल्या, मधी चौक, टूरवाल्याची ही निवड फर्स्ट क्लास होती, उगं मोठ्या हॉटेलात टाकलं असतं तर आईला पुढचं काही बघायलाच मिळालं नसतं.

झालं असं की पहिल्या सकाळी आई पाचला उठून बाहेर जाऊन बसली. हॉटेलवाल्या बाई चौकात बसून नारळाच्या कोवळ्या झावळीच्या पट्ट्या कापत होत्या, पट्टी दुमडायची, कोपरा करायचा, बांबूची बारीक काडी टाचायची, टोक मोडायचं, की झाला तळहाताएवढा चौकोनी द्रोण. त्यात फुलं रंगाप्रमाणं दिशा बघून ठेवायची, वर चिमूटभर भात नाहीतर एखादं बिस्किट, उदबत्ती, पाणी शिंपडायचं आणि उंबऱ्यावर, दुकानापुढं, गाडीच्या बोनटवर, रस्त्यावर ठेवून द्यायचं. ह्याला चनांग सारी म्हणतात, रोज करतात, रोज नवीन. आई दहा मिनिटं बघत बसली आणि मग न विचारता एक पट्टी उचलली. तिच्या माहेरी पळसाच्या पानाच्या पत्रावळी घरीच टाचायचे, लग्नसराईत शे-दोनशे. पहिला द्रोण वाकडा झाला, त्या बाई हसल्या, काडी कुठून घालायची ते बोट धरून दाखवलं. दुसरा बरा झाला. तिसऱ्याला आईनं काडी दातानं तोडली तर बाई एकदम हात आडवा करून नको नको म्हणायला लागल्या. आईनं कपाळावर हात मारला, "उष्टं झालं बघ, देवाचं हाय ना!" आणि तो स्वतःच बाजूला टाकला. एकीला तिथली भाषा, बहासा, येत नाही, दुसरीला मराठी येत नाही, पण उष्टं दोघींनाही कळलं. आम्ही नाश्त्याला आलो तर दोघींच्या मधी तीस-चाळीस द्रोणांची चळत. चारही सकाळी हेच. इटिनररीत ह्याचा एक शब्द नव्हता.

गोवा गजा म्हणजे हत्तीगुंफा. आमच्या अंबाजोगाईत हत्तीखाना आहे, चौकात दगडी हत्ती असलेली लेणी, त्यामुळं मी छाती फुगवून सांगितलं की चला, आपल्या हत्तीखान्याची मावशी बघू. तिथं एकही हत्ती नाही! दारावर खडकात कोरलेला मोठा थोरला राक्षसी चेहरा, त्याच्या तोंडातून आत शिरायचं, आत अंधार, धुरानं काळं झालेलं, डाव्या हाताला गणपती आणि उजव्या हाताला तीन शिवलिंगं, कपडा गुंडाळलेली. नाव गणपतीवरून पडलं असेल असं काहीजण सांगतात. गुहा १९२३ ला उजेडात आली आणि समोरचं कुंड तर १९५४ ला खणून काढलं, तोपर्यंत मातीखाली होतं. आईनं गणपतीला हात जोडले आणि विचारलं, "ह्याला शेंदूर का न्हाई?" पाऊण तासात बघून होतं, गर्दी लई असते, सकाळी लवकर जा.

पण खरं बघायचं तर गुनुंग कावी बघा. वेरूळ बघितलेल्या माणसाला दगडात कोरलेलं काही दाखवायचं म्हणजे धाडसाचं काम, आपण कैलास लेणं बघून मोठे झालेलो, वरून खाली आख्खं देऊळ कोरून काढलेलं, त्याच्यापुढं जगातलं काय टिकणार! तसा विचार करूनच गेलो. ओढ्याच्या दोन्ही बाजूच्या कड्यात सात-सात मीटर उंच कोनाडे खोदलेत आणि त्यात देवळाच्या आकाराची दहा स्मारकं कोरलीत, अकराव्या शतकातल्या राजघराण्याची. आत जायला दार नाही, गाभारा नाही, नुसतंच समोरून देऊळ. कोरीवकामात वेरूळच्या पासंगालाही पुरत नाही हे मी इमानदारीनं सांगतो, पण जागा अशी आहे की बोलायची इच्छा होत नाही, खाली नदी, वर भात, कड्यावर शेवाळ आणि सगळीकडून पाण्याचा आवाज. अडचण एकच, उतरायला तीनशेच्या आसपास पायऱ्या, आणि तेवढ्याच चढायच्या. आई वरच थांबली, एका दुकानवालीच्या बाकड्यावर. गुडघेवाले सोबत असतील तर हे टूरवाल्यानं आधी सांगायला पाहिजे होतं, त्यानं "इझी वॉक" लिहिलं होतं. इझी वॉक म्हणे!

तीर्था एम्पुल तिथून जवळच. नाव वाचूनच आईला कळलं की तीर्थ आहे. इसवी सन ९६२ मधलं, म्हणजे आपली देवगिरी वसायच्या दोनशे वर्षं आधीचं. गोष्ट अशी की मायादेनावा नावाच्या राजानं विषारी पाणी पाजून देवांचं सैन्य मारलं, मग इंद्रानं जमिनीत शस्त्र खुपसून अमृताचा झरा काढला आणि सैन्य उठवलं. झरा अजून आहे, कुंडाच्या तळाशी काळी रेती उकळल्यासारखी हलताना दिसते, तिथून पाणी दगडी तोट्यांतून शेजारच्या कुंडात पडतं आणि लोक एकेका तोटीखाली डोकं धरत पुढं सरकतात. दोन तोट्या फक्त मयताच्या विधीच्या असतात, त्या सोडून द्यायच्या, आमचा ड्रायव्हर वायान (वायान म्हणजे घरातला थोरला, तिथं पहिल्या पोराचं, दुसऱ्याचं, तिसऱ्याचं, चौथ्याचं नाव ठरलेलं असतं) त्यानं आधीच बजावलं म्हणून बरं, नाहीतर आईनं एकही तोटी सोडली नसती. पाणी बर्फासारखं गार. कमरेला तिथलं हिरवं वस्त्र गुंडाळून आई लाईनीत अर्धा तास उभी राहिली, गोऱ्या पोरापोरींच्या मधी, आणि प्रत्येक तोटीखाली "हर हर गंगे" म्हणत होती, तिच्यामागचा एक पोरगा पण तिसऱ्या तोटीपासून तसंच काहीतरी पुटपुटायला लागला.

बाहेर आल्यावर केस पुसता पुसता तिनं वायानला माझ्याकडून विचारायला लावलं, "हे पाणी पुढं कुठं जातंय?" हा प्रश्न आमच्या भागातलाच माणूस विचारणार. मांजरा धरण आमच्या शेजारी, धनेगावला, २०१६ च्या एप्रिलात ते कोरडंठाक पडलं तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर, तेव्हा अंबाजोगाईत आम्ही आठवड्याला एक टँकर बघून दिवस काढलेत. आईचं डोकं अजून तिथंच आहे, वाहतं पाणी दिसलं की तिला ते कुठं चाललंय ते पाहिजे.

वायान म्हणला शेतात जातं. आधी देवाला, मग शेताला. आणि मग त्यानं जे सांगितलं त्यासाठी मी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवायला लावली. तिथं एका पाटावरच्या सगळ्या शेतकऱ्यांचा मिळून एक गट असतो, त्याला सुबाक म्हणतात, हजार वर्षांहून जुनी पद्धत, २०१२ ला युनेस्कोनं जागतिक वारशात घेतली. गटाचं स्वतःचं पाण्याचं देऊळ असतं, आणि पाणी कुणाला कधी, लावणी कुणी कधी करायची, रान मोकळं कधी ठेवायचं हे त्या देवळात बसून ठरतं. वरच्यानं खालच्याचं पाणी अडवायचं नाही. युनेस्कोच्या कागदात ह्यामागचा विचार म्हणून "त्रि हित करण" असं लिहिलंय, म्हणजे देव, माणूस आणि निसर्ग, हिताची तीन कारणं. आपल्याला भाषांतराचीही गरज नाही.

रात्री खोलीवर मोबाईलवर अजून वाचत बसलो, बायको ओरडायली झोपा आता. सत्तरच्या दशकात सरकारनं नवीन भाताचं वाण आणलं आणि सांगितलं की देवळाचं वेळापत्रक सोडा, ज्याला जेव्हा जमेल तेव्हा लावा, जास्तीत जास्त पिकं घ्या. झालं, शिवारात बारा महिने कुठं ना कुठं हिरवा भात, तुडतुड्यांना आणि उंदरांना बारमाही जेवणावळ, औषधं मारून मारून लोक दमले आणि पिकं हातची गेली. स्टीफन लान्सिंग नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं नंतर कॉम्प्युटरवर गणित मांडून दाखवलं की देवळाचंच बरोबर होतं, सगळ्यांनी एकदम लावायचं आणि एकदम रान मोकळं ठेवायचं, म्हणजे किडीला खायलाच राहत नाही. मी गुलाबी बोंडअळी आल्यापासून दर साली दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो की बाबांनो डिसेंबरात कापूस उपटा, फरदड, म्हणजे तोच कापूस पुढं लांबवून, घेऊ नका, अळीची साखळी तुटू द्या. ऐकतं कोण? आणि खरं सांगायचं तर तेच लोक जानेवारीत परत येतात तेव्हा मीच त्यांना फवारा देतो. तेगलालांगच्या भाताच्या पायऱ्यांवर उभं राहून हे सगळं डोक्यात फिरत होतं, आणि समोर लाल गाऊन भाड्यानं घेऊन झोपाळ्यावर फोटो काढणाऱ्या पोरींची रांग. झोपाळ्याचं तिकीट वेगळं, गाऊनचं वेगळं, आत जायचं वेगळं. झोपाळा सोडा, बांधावरनं थोडं आत चालत जा, पाट कसा फोडलाय ते बघा.

संध्याकाळी केचक नाच. वाद्य एकही नाही, पन्नास-साठ उघडे पुरुष गोल बसून तोंडानंच "चाक चाक चाक" करतात आणि मधी रामायण चालतं, सीता, सोन्याचं हरीण, रावण, शेवटी आगीतून हनुमान. आज जो दाखवतात तो प्रकार १९३० च्या दशकात जमलाय. आईला गोष्ट सांगावी लागली नाही, उलट शेजारच्या जर्मन म्हाताऱ्याला तीच हातवारे करून सांगायली, हा जटायू, आता मरतो बघा. लाख रुपिया तिकीट, वसूल.

आता दुसरी तक्रार, आणि ही मोठी आहे. रोज दुपारी एक तास गायब व्हायचा. गाडी आपोआप वळायची आणि आपण चांदीच्या दुकानात, नाहीतर कॉफीच्या बागेत जिथं उदमांजराच्या विष्ठेतून काढलेली कॉफी पाजतात, नाहीतर बाटिकच्या शोरूमला. पिंजऱ्यातली ती उदमांजरं बघवत नाहीत, दिवसाढवळ्या गरगर फिरत होती बिचारी. वायानला बाजूला घेऊन विचारलं तर तो खजील झाला, म्हणला वरूनच लिहून आलंय, थांबलो नाही तर माझे पैसे कापतात. म्हणजे दुकानांचं कमिशन, आणि आमचा वेळ. तिसऱ्या दिवशी मी सांगितलं की दुकानापुढं गाडी थांबव, पाच मिनिटं झाड बघू आणि निघू, तुझी एन्ट्री होऊ दे. ते जमलं.

जेवणाचं म्हणाल तर बुकिंगमधी "प्युअर व्हेज" लिहून दिलं होतं, त्याचा अर्थ तिकडं पोचेपर्यंत "अंड्याचा तुकडा वेचून काढलेला नासी गोरेंग", म्हणजे त्यांचा परतलेला भात, असा झाला. चार जेवणं सलग तेच. आणि तिथली गंमत ही की भाजी शाकाहारी असली तरी सांबलमधी, म्हणजे त्यांच्या ठेच्यात, तेरासी असतं, ते म्हणजे झिंग्याचा खारवलेला गोळा. माळकरी माणसानं हे लक्षात ठेवा. "तान्पा तेरासी, तान्पा तेलुर" एवढं पाठ करून जा, तेरासी नको, अंडं नको. आईनं धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि खारोड्या बांधून आणल्या होत्या, धपाटे तिसऱ्या दिवशी संपले आणि मग आम्हाला शोध लागला गाडो-गाडोचा. उकडलेल्या भाज्या, मोड, टोफू आणि वरून शेंगदाण्याच्या कुटाची दाट आमटी. आईनं बोट बुडवून चाखलं, "आरं हे तर आपलंच कूट!" त्यानंतर रोज. आणि टेंपे, सोयाबीन आंबवून वडीसारखं थापतात आणि तळतात, कुरकुरीत. मी जन्मभर सोयाबीनचं बियाणं विकलं, आख्ख्या तालुक्यात सोयाबीन पिकतं, पण ते पोटभर जेवणात खाल्लं बालीत. आपण कट्टा भरतो, आडतीवर टाकतो, भाव विचारतो, संपलं.

पाचव्या दिवशी सानुरच्या धक्क्यावरून स्पीडबोट, अर्ध्या-पाऊण तासात नुसा लेंबोंगान. इथं तिसरी तक्रार. व्हाउचरवर आदल्या दिवशीची तारीख! काउंटरवरची पोरगी नम्रपणे मान हलवत राहिली, टूरवाल्याचा फोन लागेना (तिथं आपल्यापेक्षा अडीच तास पुढं असतं, सकाळी आठला फोन केला तर अंबाजोगाईत साडेपाच), शेवटी तिघांची तिकिटं परत काढली. बोटीत आईनं डोळे मिटून योगेश्वरीचा धावा सुरू केला तो मशरूम बे नावाच्या किनाऱ्यावर बोट वाळूला लागेपर्यंत. उतरायचं गुडघाभर पाण्यात. दोन पोरांनी आईला दोन्ही बाजूनं धरून अलगद वाळूवर आणून ठेवलं, लुगडं मात्र भिजलंच.

खोली "सी व्ह्यू" होती. बाल्कनीत उभं राहून, डावीकडं वाकून, पाण्याच्या दोन टाक्यांच्या मधून बघितलं की समुद्राची एक उभी पट्टी दिसायची. बायको म्हणली, "अहो, एवढी पट्टी तर आपल्या गच्चीवरून पण दिसली असती." मॅनेजर भला माणूस होता, दुसऱ्या दिवशी खालची खोली दिली, तिथून समुद्र दिसत नव्हता पण वीस पावलांवर होता, आणि आईला पायऱ्या नव्हत्या. घ्यायची तर अशीच घ्या, व्ह्यूच्या नादाला लागू नका.

बेट लहान आहे, मोठ्या गाड्या नाहीत, मागं बाकडी टाकलेले उघडे टेम्पो आणि स्कूटर. तीन दिवसांचा कार्यक्रम कोरा होता, टूरवाल्याला पहिल्यांदा हेच पटत नव्हतं. बायको पहिल्या दिवशी पाण्यात शिरली ती तिसऱ्या दिवशी निघाली असं म्हणायला हरकत नाही. शेजारच्या पेनिडा बेटाची डे ट्रिप गळ्यात मारत होते, फोटोतला तो प्रसिद्ध कडा तिकडं आहे, पण पायऱ्या ऐकून नको म्हणलं. डेव्हिल्स टिअर नावाचा खडक आहे, लाट आत शिरून तोफेसारखी उडते, लांबून बघा, माणसं वाहून गेलेली आहेत, सेल्फीसाठी काठावर जाऊ नका. पिवळ्या पुलावरून सेनिंगान बेटावर जाता येतं, फक्त चालत किंवा स्कूटरवर, जुना पूल २०१६ मधी पडून माणसं गेली, हा २०१७ चा नवीन.

त्या पुलावरून ओहोटीच्या वेळी खाली बघा. पाणी मागं सरतं आणि समुद्राच्या तळाशी चक्क वाफे दिसतात, चौकोनी, दोऱ्या ओढलेले, खुंट्या मारलेले. समुद्री शेवाळाची शेती. बाया-माणसं कमरेभर पाण्यात उभी राहून दोरीला मूठ-मूठ शेवाळ बांधत होती, महिना-दीड महिन्यात काढणी, काठावर ताडपत्रीवर वाळत घातलेलं, आपण सोयाबीन घालतो तसं. पर्यटन वाढल्यावर ही शेती जवळपास सुटली होती, कोरोनात पर्यटक थांबले आणि लोक परत ह्याच्यावर आले. ह्यातून कॅराजीनन नावाचा घट्टपणा आणणारा पदार्थ निघतो, आईस्क्रीम, टूथपेस्ट कशाकशात जातो. माझ्या दुकानात तिसऱ्या फळीवर समुद्री शेवाळाच्या अर्काच्या बाटल्या आहेत, गेली कित्येक वर्षं मी "फुटवा चांगला येतो" म्हणून विकतो, आणि शेवाळ शेतात उभं असलेलं आयुष्यात पहिल्यांदा बघायलो. एका शेतकऱ्यानं ओली जुडी हातात दिली, रबरासारखी, खारट वास. भाव विचारला तर त्यानं तोंड वाकडं केलं, व्यापारी पाडून मागतो म्हणला. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

आईनं समुद्र ह्याआधी एकदाच बघितलेला, मुंबईला, तोही टॅक्सीतून. शेवटच्या संध्याकाळी ती पाण्याच्या काठाला बसली, आणि पिशवीतून झावळीचा द्रोण काढला, उबुडवाल्या बाईंनी निघताना दिलेला. त्यात जास्वंद, हळद-कुंकू आणि अंबाजोगाईहून आणलेला एक रुपयाचा ठोकळा. गोदावरीला आपण गंगाच म्हणतो, गंगेला टाकतो तसा तिनं तो सोडला. लाटेनं परत आणून पायाशी टाकला. तिनं परत सोडला, परत आला. तिसऱ्यांदा एक कोळी पोरगं पाण्यात पळत जाऊन लांब सोडून आलं आणि रुपया मात्र आईला परत आणून दिला, त्याला वाटलं चुकून पडला.

परतीचं काही विशेष नाही, क्वालालंपूरला सहा तास लटकलो.

तर कुणाला घ्यायचं असेल तर: राहायची ठिकाणं, ड्रायव्हर, व्हीलचेअर एकदम चांगलं. कागदपत्रं आणि तारखा स्वतः तपासा, व्हिसा-फीचं आधी लिहून घ्या, दुकानांचे स्टॉप काढून टाकायला लावा, आणि म्हाताऱ्या माणसासाठी पायऱ्या किती ते एकेका ठिकाणाचं विचारा. बोटीच्या तिकिटाचे पैसे परत देतो म्हणलाय, मिरगाच्या आत देतो म्हणला होता, आता पेरण्या उरकल्या. आले की अर्धा स्टार वाढवीन.